पाखरू सुटू द्यायचं न्हाई

माझी आई मान वळवायची नाही. मागून हाक मारली की ती पायांसकट अख्खी वळायची. कोल्हारच्या आमच्या आळीतल्या बायका चेष्टा करायच्या, "आली बगा फौजदारीन." आई नुसती हसायची. तिचं आयुष्य गाईंसाठी उसाच्या वाढ्यांचे भारे डोक्यावरून वाहण्यात गेलं होतं. मलाही तिनं लहानपणी शिकवलं होतं, भाऱ्याखाली ठेवायची चुंबळ कशी करायची आणि डोक्यावर ओझं असताना कुणी हाक मारली तर काय करायचं. "मान वळवलीस की भारा गेला. समदं अंग वळवायचं." मी शिकले आणि पुढे नोकरीत विसरूनही गेले. आईची सवय मात्र भारा उतरवल्यावरही उतरायची नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हा तिच्या हातांना मुंग्या यायला लागल्या. आधी बोटांना, मग पार कोपरापर्यंत. भाकरी थापता थापता थांबायची, हात झटकायची. मान दुखते म्हणायची. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्या लेखी दुखणं म्हणजे ताप. अंग गरम नाही, तर दुखतंय काय? मी घर डोक्यावर घेतलं, तेव्हा कुठे ते तिला मोठ्या दवाखान्यात न्यायला तयार झाले.

डॉक्टर म्हणाले, मानेच्या मणक्यात गडबड असू शकते. त्या वेळी तिथे पुण्याहून एक इंजिनिअर नवं यंत्र घेऊन आला होता, मान किती वळते ते मोजणारं. डॉक्टरांनी ठरवलं, त्यावर मोजून बघू. मान अडकत असेल तर पुढच्या तपासण्यांसाठी पुण्याला पाठवू, नसेल तर गोळ्यांवर भागेल. म्हणजे सगळं त्या मोजणीवर येऊन ठेपलं.

आईबरोबर आत एकालाच सोडत होते. दादा गेले. मी बाहेर बाकावर आईच्या चपला सांभाळत बसले. आत काय झालं ते परतताना एसटीत आईनंच सांगितलं, आणि तिला इतकं भरभरून बोलताना मी क्वचितच पाहिलं होतं. हेल्मेटसारखा एक डबा पदरावरूनच डोक्यावर चढवला. डोळ्यांपुढे आधी अंधार, मग एकदम बाग. "खरी न्हाई गं, पन खरीच." बागेत एक पाखरू. तिथल्या व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, पाखरू जिकडे जाईल तिकडे बघायचं, सुटू द्यायचं नाही. ते डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, पार मागच्या झाडावर गेलं. आई स्टुलावर बसल्या बसल्या सगळीकडे बघून आली.

"आमी समदे टीव्हीकडं बघत हुतो," दादा म्हणाले. "हिला काय दिसतंय ते टीव्हीत दिसत हुतं. लई भारी."

त्या यंत्राचा निकाल असा होता की मान पूर्ण वळते, काही अडकत नाही. दादांचा जीव भांड्यात पडला. "कॉम्प्युटरला काय आपलं भ्या हाय व्हय खोटं बोलाया?" म्हणाले आणि स्टँडवर आम्हाला भेळ खाऊ घातली.

दादांचं सोडा, आईनंही ते खरं मानलं. मला अजून त्याचीच चीड येते. "मनाचाच खेळ असंल, बाई," ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भाऱ्याखाली गेली. मी बांधावर जाऊन तिच्यावर ओरडले. म्हटलं, तुझी मान तुझ्या अंगाला आहे का त्या डब्याला?

"तू एवढी शिकलीस, आन तुजाच यंत्रावर इस्वास न्हाई?" ती म्हणाली.

पुढच्या हंगामात तिच्या हातातून तांब्या निसटायला लागला. मग भाकरी थापणं गेलं. मग ती पाय ओढायला लागली, आणि दादा स्वतःच म्हणाले, हिला पुण्याला ने.

पुण्याच्या दवाखान्यात एका वयस्कर डॉक्टरबाईंनी तिला खुर्चीवर बसवलं आणि मला म्हणाल्या, "मागून खांदे धरा. अजिबात हलू देऊ नका." मग आईला म्हणाल्या, "आता उजवीकडे बघा." माझ्या तळव्यांखाली तिचे खांदे, पाठ, सगळं उजवीकडे जोर करायला लागलं. डोकं होतं तिथेच राहिलं, जेमतेम बोटभर हललं असेल. मला रडूच फुटलं. मोजणीच्या दिवशी यंत्र डोक्यावर होतं, पण तिच्या खांद्यांवर कुणाचाच हात नव्हता. ती भारा घेऊन वळावं तशी कमरेतून वळली होती आणि यंत्रानं ते सगळं मानेच्या नावावर मांडलं होतं.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, यानं पुढचं नुकसान थांबेल, गेलेले हात परत येणार नाहीत. उशीर झाला होता.

वॉर्डात मी तिला भात भरवत होते. तिला माझ्याकडे वळता येईना, म्हणून मीच खाटेला वळसा घालून समोर जाऊन बसले.

"मंग ते यंत्र खोटं बोललं व्हय?" तिनं विचारलं.

मी सांगितलं, तू अख्खी वळलीस, आणि त्याला वाटलं मान वळली.

तिनं तोंडातला घास गिळला. मग म्हणाली, "बाईंनी सांगितलं हुतं, पाखरू सुटू द्यायचं न्हाई. मी एकदाबी सुटू दिलं न्हाई." बोलताना तिचा चेहरा परीक्षेत पास झाल्यासारखा झाला होता. तिला उभ्या जन्मात कुणी परीक्षेला बसवलं नव्हतं.

"नुसत्या मानंनं बगायचं, असं कोनी म्हनलंच न्हाई," ती म्हणाली. "माजंच चुकलं का गं?"

मी नाही म्हटलं. तिचे दोन्ही हात चादरीवर पडून होते. मी पुढचा घास केला आणि तिनं तोंड उघडलं.