कोणती भाषा चालणार, सांगा वहिनी

आमच्या गावात ज्याची कपाशी चांगली पिकली, त्याच्या घरी पुढच्या हंगामाआधी लोक चहाला येतात. चहा आपला नावाला. विचारायचं असतं एवढंच, की वाण कोणतं लावलं होतं. आणि तो गडी सांगेल तर शपथ. "कायचं बापा, देवाची किरपा," म्हणतो आणि सरकीच्या रिकाम्या थैल्या चुलीत घालतो. मग लोक त्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, उगीच चकरा मारतात, एखादी थैली वाऱ्यानं उडून पडली आहे का बघत. याला कोणी चोरी म्हणत नाही. त्यानं लपवायचं आणि आपण शोधायचं, अशी समुद्रपूरकडची रीतच आहे.

हे सगळं मला सून म्हणून आल्यापासून ठाऊक होतं. पण एक दिवस आपलंच घर ते पीक आलेलं घर होईल, असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

मी घरूनच कंपनीचं काम करते. प्रोग्रामिंग. वरच्या खोलीत टेबल, पंखा, लाइट गेली तर इन्व्हर्टर. चार वर्षांमागं माझ्या दिरानं विचारलं, काय शिकू? मी भाजी निवडता निवडता म्हटलं, पायथन शीक. तो शिकला आणि नागपूरला नोकरीला लागला. बस! त्या दिवसापासून मी गावात ज्ञानी झाले. लग्नात, हळदीकुंकवात, पिठाच्या गिरणीवरसुद्धा लोक विचारायचे, आता पुढं कॉम्प्युटरची कोणती भाषा चालेल? मी हसून टाळायचे. आत मात्र चरकायचे.

कारण या पावसाळ्यात माझीच पाचावर धारण बसली होती. मी ज्या भाषेत काम करत होते ती कोबोल, माझ्या जन्माच्याही आधीची. एका विमा कंपनीचा जुना सगळा कारभार त्या भाषेत, आणि आमचं काम तो कारभार उकलून, समजून घेऊन, नव्या यंत्रणेकडे सोपवून बंद करायचं. दिवाळीपर्यंत ते संपणार होतं. साहेबांनी फोनवर गोड आवाजात सांगितलं, "पुढं काय शिकणार ते कळवा, त्यावरून बघू." बघू! या 'बघू'नं माझी झोप उडाली.

मी अंदाज वाचायला बसले. एक म्हणे पायथन आणखी वाढणार, दुसरा म्हणे रस्ट, तिसरा म्हणे भाषाबिषा सगळं संपलं, आता यंत्राला मराठीत सांगा, तेच लिहून देईल. पूर्वी मी एक साधी खूण बघायचे. कोणत्या भाषेबद्दल लोक इंटरनेटवर जास्त प्रश्न विचारतात, ती वाढते आहे असं धरायचं. आता लोक प्रश्न यंत्रालाच विचारतात. त्यामुळे चांगल्या चालणाऱ्या भाषांचीसुद्धा रेघ खाली आलेली. म्हणजे ताप आहे की नाही कळत नाही, कारण थर्मामीटरच बिघडलेला. ती रेघ मी रोज पुन्हा पुन्हा बघायचे. आणि खाली अंगणात कोणीतरी विचारत असायचं, "ताई हाय का घरी?"

अशात एका सकाळी शेजारचे भाऊजी आले. ऑगस्टचे दिवस, कपाशीला पात्या म्हणजे कळ्या लागल्या होत्या. त्यांची एकुलती मुलगी बारावी झालेली, हुशार. तिचा सेवाग्रामला नर्सिंगला नंबर लागला होता. गल्लीतून असा नंबर लागलेली ती पहिलीच.

"वहिनी, नंबर तं लागला," भाऊजी म्हणाले. "पण पोट्टी म्हणते, काकूसारखं कॉम्प्युटर करतो. आता तुमी सांगा. कोणती भाषा चालन पुढं? तुमी सांगसान ते घेऊ. नाई तं नर्सिंग पक्कं."

मी म्हटलं, "भाऊजी, खरं सांगू? मले नाई माहीत. कोणालेच नाई माहीत. नर्सिंग सोडू नका."

भाऊजी हसले. चांगले मोकळे हसले. "असं हाय का. झाकली मूठ सव्वा लाखाची," म्हणाले आणि अर्धा चहा तसाच ठेवून उठले.

सासूबाई माझ्यावर चिडल्या. "काऊन सांगत नाईस वो? लेकराचं भलं झालं तं तुह्यं काय जाते?"

"मले माहीतच नाई तं काय सांगू, आत्याबाई?"

"दिवसभर त्या डब्यापुढं बसते अन् म्हणे माहीत नाई!"

त्यानंतर ती मुलगी माझ्याकडे येऊ लागली. कधी विरजण मागायला, कधी चार्जर मागायला. वरच्या खोलीच्या दाराशी उभी राहायची, जरा गप्पा मारायची, जायची. मला बरं वाटायचं. एवढ्या धास्तीत कोणाचं तरी हसरं तोंड दिसायचं. ती माझ्या पाठीमागून स्क्रीन वाचते आहे, हे माझ्या लक्षात आलं नाही. धुऱ्यावरच्या चकरा इतकी वर्षं बघून लक्षात आलं नाही, याचा मला स्वतःचाच राग येतो.

मग एक दिवस ती पेढे घेऊन आली. "काकू, नर्सिंग सोडलं. हिंगणघाटले कॉम्प्युटरच्या बीसीएले नाव घातलं. अन् तुमची भाषा सापडली मले. कोबोल!"

माझ्या हातातला पेढा हातातच राहिला.

"अगं, ते तं मरून राह्यलं! कोणी सांगितलं तुले?"

"कोणी नाई. तुमी दिवसभर तेच करता ना. मी नेटवर पाह्यलं, सारे म्हणते मेली ते भाषा. मले वाटलं, म्हणूनच काकू लपवून राह्यल्या. कोणाले माहीतच नाई तं गर्दीच नाई."

काय हुशार लेकरू! बापजाद्यांची अक्कल जशीच्या तशी लावली तिनं. मी तशीच पदर खोचून, पायात चप्पल न घालता त्यांच्या घरी गेले. ती मागोमाग. भाऊजी ओसरीवर बैलांची दावण वळत बसले होते.

"भाऊजी, मी ते शिकून नाई राह्यली. ते बंद करून राह्यली. दिवाळीले माहं कामच संपते."

ते पुन्हा हसले. "असंच म्हणते सारे. माह्या चुलत्यानं बोंडअळी लागली म्हणून सांगितलं होतं, अन् कोठा भरला होता कापसानं."

माझं डोकं फिरलं. काय करू, कसं पटवू? आणि तिथंच, त्यांच्या ओसरीवर, मला रडू फुटलं. "मले भेव वाटून राह्यलं, भाऊजी. चाळीशी आली. पुढं काय शिकू ते मलेच समजत नाई. सकाळी उठलं का हातपाय गार पडते. लपवाले माह्याकडे काई हाय तं ना!"

त्यांचं हसू तोंडातच राहिलं. हातातली दावण त्यांनी खाली ठेवली. माहीत नाही म्हटलेलं त्यांनी आयुष्यात कधी खरं मानलं नसेल, पण रडणं खरं मानलं. मुलीकडे वळून विचारलं, "नर्सिंगची तारीख कोणती होती वो, बेटा?"

"काल होती, बाबा."

"दुसरी फेरी असन ना?"

"दुसरीच होती ते, शेवटची."

मी शिव्यांची वाट बघत होते. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. भाऊजी एवढंच म्हणाले, "मंग आता तुमी जे शिकसान, तेच तिलेही शिकवा. दोघी संगंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. खाली पाट ठेवला होता तरी माझ्या खुर्चीला चिकटून उभी राहिली. साहेबांना मी अजून काही कळवलं नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि तिच्या मागं दारात भाऊजी, टोपी हातात घेऊन.

"पायथन," मी म्हटलं. "इथून सुरू करू."

"नक्की ना, काकू? हेच वाढन ना?"

स्क्रीनवर पायथनची खाली आलेली रेघ उघडी होती. मी ती खिडकी बंद केली.

"हो," मी म्हटलं. "हेच."