तिसरा खिळा

जुन्या हैदराबाद मुलखातल्या वाशीच्या रसूलची लॉरी जुन्या सुट्या भागांवर चालायची. त्यासाठी त्यानं दोन बाजार धरले होते, हैदराबादचा जुम्मेरातीचा, म्हणजे गुरुवारचा, आणि सोलापूरचा मंगळवारचा. "हैदराबादचा माल नवाबी, पण व्यापारी खोटा. सोलापूरचा माल भंगार, पण माणूस खरा," असं तो चहा पिता पिता छातीठोक सांगायचा.

त्याचा थोरला भाऊ मुनवर हैदराबादवरच्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांत लॉरी घेऊन गेला, तो परतलाच नाही. माणूस लपतो, नाव बदलतो. लॉरी मात्र कधीतरी तुकड्यातुकड्यानं बाजारात येतेच. म्हणून रसूल प्रत्येक ढिगात हात घालायचा, आणि काही सापडलं नाही की हलका होऊन परतायचा.

दारात भावजय असायची, गुलबानो. गळ्यात सवाशिणीचा काळ्या मण्यांचा लच्छा.

"भाय, काही दिसलं?"

"न्हाय भाबी."

"अल्लाचा शुकर. म्हंजी हैत कुठंतरी."

त्या मंगळवारी त्याला डायनामो हवा होता. सोलापूरच्या भंगारवाल्या ईरण्णाकडं वस्तूला वस्तू द्यावी लागे, म्हणून त्यानं चांगला कार्बोरेटर बरोबर नेला.

"या रसूलमियाँ! हैदराबादवाल्यांनी हाकललं जनू?"

"त्यांचा पुलाव पचंना. म्हून तुझ्या भाकरीवर आलो."

हसत हसत त्यानं ढीग उपसला आणि हात थांबला. स्टेअरिंगचं चाक. वरचं लाकूड जळून नुसता लोखंडी सांगाडा उरलेला. एका आऱ्याला तांब्याची पट्टी, तीन खिळ्यांची. तिसरा वाकडा. मुनवरच्या लॉरीला ही पट्टी रसूलनंच ठोकली होती.

"ह्ये कुठलं?"

"वढ्यात जळालेली लॉरी व्हती म्हनं. लई जुनी गोष्ट."

"आत कोन व्हतं?"

ईरण्णाचा आवाज उतरला. "ड्रायवर. काठालाच पुरला म्हनत्यात."

रसूलनं कार्बोरेटर पुढं सरकवला.

"खुळं का काय? तसंच न्या."

"वस्तूला वस्तू. तुझाच कायदा हाय."

घरी त्यानं चाक गुलबानोपुढं ठेवलं. पट्टीवरनं बोट फिरवत ती तिसऱ्या खिळ्याशी थांबली.

"ह्यो ठोकताना तुमचा अंगठा ठेचला व्हता. त्ये लई हसले व्हते."

तिनं लच्छा काढून आऱ्याला अडकवला. पदर तोंडावर ओढला.

"काझी म्हनतील, दुखवट्याची मुदत कवाच सरली. म्हनू द्यात. म्या आजपासनं इद्दतीला बसते, चार म्हैने धा दिस पडद्यात."

"भाबी..."

"आता माज्यासमोर येऊ नका, भाय."

आतून कडी लागली.

लॉरी अंगणात उभीच होती. डायनामोसाठी पुढच्या मंगळवारी सोलापूरला जावंच लागणार होतं. जे सापडू नये तेच सापडल्यावर ढिगात हात कसा घालायचा, तेवढं रसूलला कळत नव्हतं.