पाळीवरची चाल

बाबांच्या तेरवीला भजनी मंडळासोबत आलेला तो पेटीवाला मला पुन्हा कधी दिसला नाही. तो सालेकशाकडचा होता, एवढंच कळलं. वाजवण्याआधी तो पेटीच्या पट्ट्यांवरून रुमाल फिरवत होता, लेकराचं तोंड पुसावं तसा.

मंडळातला म्हातारा टाळकरी कुरकुरला, "हा लग्नात बँडसोबत, मंडईच्या जत्रेत दंडारीच्या नाचाले वाजवते. याले भजनात कायले आणलं गा?"

तो हसला. "बँडवाले म्हणतात, हा भजनी. भजनवाले म्हणतात, हा दंडारी. बलावतात मात्र सारेच."

मग माझ्याकडे वळून त्यानं हळूच विचारलं, "बाई, बाबा कोणतं गाणं गुणगुणत होते?" तेरवीच्या घरी हे विचारायची त्याची रीतच होती म्हणे.

बाबांची चाल अर्धी धानाच्या रोवणीच्या गाण्याची होती, अर्धी रेडिओवरच्या हिंदी गाण्याची. शेतातून घरी येताना, तळ्याच्या उंच बांधावर, बोडीच्या पाळीवर, ते ती गुणगुणत. ती आपण विसरू, ही भीती मला त्या दिवसांत सारखी वाटत होती. मला गाता येत नाही. तुटक तुटक गुणगुणले. त्यानं डोळे मिटून ऐकलं आणि तुकडे जोडून वाजवलं. टाळकऱ्यानं टाळ मांडीवर ठेवले.

इतक्या दिवसांत आई पहिल्यांदाच आतल्या खोलीतून दाराशी आली. चौकट धरून म्हणाली, "बोडीच्या पाळीवर चढताना दम लागे त्यायले. गाणं मधातच थांबे. तिथं थोडं थांबा, भाऊ."

त्यानं पुन्हा सुरुवातीपासून वाजवलं आणि मधेच हात उचलला. तेवढ्या शांततेत बाबा पाळ चढून आले. मग त्यानं पुढची ओळ वाजवली.