दुसरी बाटली

हे आजवर कोनापाशीच काढलं नाई मी. नवऱ्यापाशी नाई, मायपाशी बी नाई. आता सासू बाजारात गेली, पोरगी आंगनात खेळून राह्यली, तेवढ्यात सांगून टाकते. मधीच कोनी आलं आन् मी गप झाली, तर समजून घेजो.

यवतमाळले औषधशास्त्राच्या कॉलेजात होती मी. पहिलं वर्ष कसंबसं निभलं. दुसऱ्या वर्षी मेडिसिनल केमिस्ट्री आली आन् मी बुडालीच. सारं इंग्रजीत. फळ्यावर सहा कोनाची चाकं, एकाले एक चिकटलेली. सर इकडचा एक तुकडा पुसायचे, तिकडं दुसरा लावायचे आन् म्हनायचे, आता ही दवाई पोटात टिकते, आता ही डोक्यात चढते. कशी चढते? काहून? बाजूच्या पोरी भराभर लिहून घ्यायच्या. मी नुसती चाकं काढत बसायची.

एकच तास मले समजला, पन पुरा समजला. त्या दिवशी सर मराठीत बोलले. आपल्या आंगात, म्हने, नसांचा निरोप पुसनारं एक एन्झाइम असते, त्याले एक खाच असते. फवारनीचं काही काही जहर त्या खाचेत जाऊन बसते, कुलपात किल्ली मोडावी तसं. मंग लाळ गळते, घाम सुटते, डोळ्याची बाहुली टाचनीच्या टोकाएवढी होते. तर शिकलेल्या लोकायनं त्या खाचेचंच माप घेतलं आन् मोडकी किल्ली ओढून काढनारी दवाई बनवली. मुद्दाम, मापानं घडवली. "पण लवकर दिली तर," सर म्हनले, "उशीर झाला की किल्ली आतच गंजते." आमच्याकडं तर सारेच फवारतात, म्हनून ते डोक्यात पक्कं बसलं. परीक्षेत तो प्रश्न आला. मी पान भरून लिहलं. बाकी पेपर कोरा. नापास झाली.

तेवढ्यात सोयरीक आली. बाबानं सांगलं, पोरगी दवाईचं शिकते. नापासाचं मी काढलंच नाई. लग्नापायी शिक्षन सुटलं, असंच सासरी साऱ्यायले वाटते. कोनाचं डोकं दुखलं का मले विचारायचे. सासू शेजारनीले म्हने, आमची सून अर्धी डॉक्टर हाय. गोड लागे मले. लय गोड लागे.

एका साली कपाशीची पऱ्हाटी मानसाच्या डोक्यावर गेलती, बोंडअळी काही केल्या हटत नव्हती. लोक दोन-दोन, तीन-तीन दवाया एकाच पंपात मिसळून मारत. माहा दीर, दिनेश — हसरा, त्याची बी सोयरीक नुकतीच जुळली होती — दोन बाटल्या घेऊन ओट्यावर आला. घरी मी एकटीच, पोरगी कडेवर.

"वहिनी, दुकानदार म्हन्ते दोन्ही मिसळ. तो त गिऱ्हाइकाले काई बी चिपकवते. तुमी सांगा, तुमी त शिकेल आहा."

मी बाटल्या हाती घेतल्या, मागची बारीक अक्षरं पाह्यली. काय समजलं? काईच नाई. मले नाई मालूम — एवढं म्हनायचं होतं. काय गेलं असतं माहं?

"चालते," मी म्हनली. वरून हे बी म्हनली, "रिअ‍ॅक्शन होत नाई." रिअ‍ॅक्शन! वजन पडावं म्हनून.

"मंग टेन्शनच नाई," तो हसला. "घरातच दुकान हाय आपलं."

दुपारून त्याले वावरातून गाडीवर मधात बसवून आनलं. लाळ गळून राह्यली, सदरा घामानं चिंब. मी पापनी वर केली — टाचनीचं टोक. मीच वरडली, जहर चढलं, दवाखान्यात न्या! हे खरं हाय. गावात हेच सांगतात.

नवरा म्हने, बाटली घे, डॉक्टर विचारन. थैलीत दोन होत्या. एकीवर उताऱ्याच्या जागी त्याच, मोडकी किल्ली काढनाऱ्या सुईचं नाव छापलं होतं, ते मले वाचता आलं — पान भरून लिहलं होतं ना त्याच्यावर? तीच बाटली मी ढोराच्या चाऱ्यात, कुटारात खुपसली. दोन दिसल्या का विचारतीन, मिसळायले कोनं सांगलं. दुसरी घेऊन गाडीत बसली.

डॉक्टरनं बाटली वाचली, दिनेशकडं पाह्यलं. "याने असं होत नाही. आणखी काही मिसळलं होतं का?"

"नाई," मी म्हनली. "हे एकच."

लाळ थांबायची सुई त्यानं लावली. ते दुसरी, किल्ली काढनारी, नाई लावली. रातभर नाई. मंग अंदाजानं दिली, उशिरा. मी खाटेच्या पायथ्याशी पोरगी घेऊन उभी. त्या सुईचं नाव मले येत होतं, स्पेलिंगसकट. भेली होती म्हनू? भेली तर होतीच. पन भेव त्याच्या जिवाचं नव्हतं — माह्या नावाचं होतं.

शुद्धीवर आला तशी मले हळूच म्हने, "दोन्ही दाखवल्या ना, वहिनी?"

"हो."

"मंग झालं. मिसळायचं तुमाले विचारलं होतं, हे मी कोनाले नाई सांगत. तुमचं नाव कायले खराब?"

घरी आलो, तर ते बाटली मी कुटारातून काढली, धुतली आन् नाल्यात फेकली. धुतली कायले? मालूम नाई.

तो वाचला. मंग हळूहळू पायाचे पंजे लुळे पडले. पोरीवाल्यायनं सोयरीक मोडली. लोक म्हनतात, ढोसून फवारला असन. त्यानं आजवर थेंब नाई घेतला. मी तिथंच असते, चहा देते, आयकते.

चप्पल त्याच्या पायातून निसटते, म्हनून सुतळीनं बांधा लागते. ते काम माह्या पोरीचं. आता बी बांधून राह्यली. तो तिले सांगते, तुह्या आईनं डोळा पाहून वळखलं म्हनून मी वाचलो, तू बी आईवानी दवाईचं शिक. पोरगी गाठ मारते आन् माह्याकडं पाहून हसते.

दोन्ही नाई दाखवल्या. एकच दाखवली.