खिडकीतला तृप्त माणूस

शहराच्या मधल्या भागात जेवायला कुठे जावं, हा प्रश्न तिथल्या लोकांना लग्न कुणाशी करावं यापेक्षाही अवघड वाटायचा. लग्नाच्या बाबतीत निदान आईबाप असतात, चुकलं तर त्यांच्या नावाने बोटं मोडता येतात. हॉटेलाच्या बाबतीत मात्र चूक आपली आणि पोटही आपलंच. एकाच रस्त्यावर दोन्ही बाजूंना हॉटेलं इतकी दाटीवाटीने उभी होती, की एकाच्या फोडणीने दुसऱ्यातल्या गिऱ्हाइकाला ठसका लागावा. लोक पाट्या वाचत, काचेतून आत डोकावत, एकमेकांच्या तोंडाकडे बघत, आणि शेवटी ज्या खिडकीत तृप्तराव बसलेले दिसत तिथे शिरत.

तृप्तराव हे त्यांचं टोपणनाव. त्यांना बघितलं की दुसरं नाव सुचतच नसे. भरदार देह, रुपेरी केस, हनुवटीखाली आणखी एक हनुवटी, गळ्यात खोचलेला पांढराशुभ्र रुमाल, आणि समोरच्या ताटात चकचकीत भाजलेला अख्खा मासा. हातातला काटा हळूच खाली जाई, तोऱ्यात वर येई, डोळे अर्धे मिटत, गाल संथपणे हलत, आणि मग एक दीर्घ उसासा. तो उसासा काचेपलीकडे ऐकू जात नसे, पण दिसे. रस्त्यावरचा माणूस थबके आणि बायकोला म्हणे, "हा माणूस बघ. खाणारा दिसतोय. चल इथंच."

आणि गंमत अशी, की त्या ताटातला मासा सकाळी जेवढा असे तेवढाच संध्याकाळी असे.

कारण तृप्तराव तो खातच नव्हते. माशावर रोज सकाळी तेलाचा ब्रश फिरे. परवाचा मासा आज तिसऱ्या दिवशीही नवऱ्या मुलासारखा झळके. तो तोंडात घातला असता तर तृप्तरावांची रवानगी थेट दवाखान्यात झाली असती. त्यांचं काम खाण्याचं नव्हतंच. खिडकीत बसून खाल्ल्यासारखं दिसायचं, एवढंच त्यांचं काम. मालकाने त्यासाठीच त्यांना पगारावर ठेवलं होतं.

ही कला त्यांनी नाटक कंपनीत कमावली. त्या काळी कंपनीच्या प्रत्येक नाटकात राजेशाही मेजवानीचा एक प्रवेश हमखास असायचा आणि कंपनीच्या तिजोरीत हमखास खडखडाट असायचा. त्यामुळे सोनेरी मुलामा दिलेली रिकामी ताटं मांडली जात. बाकीचे नट त्या ताटांकडे उपाशी माणसासारखे बघत, कारण ते उपाशीच असत. पण पंगतीच्या टोकाला बसलेला एक जाडा सरदार, ज्याला अख्ख्या नाटकात एकही वाक्य नव्हतं, तो त्या रिकाम्या ताटातून असं काही ओरपत असे, की पहिल्या रांगेतली माणसं आवंढे गिळत. मध्यंतरात थिएटरच्या उपाहारगृहात चेंगराचेंगरी व्हायची. उपाहारगृहाचा ठेकेदार बेरका होता. कंपनी बुडाली तेव्हा सगळे नट रडले. ठेकेदार मात्र सरळ जाड्या सरदाराकडे आला.

"मी मधल्या भागात हॉटेल काढतोय," तो म्हणाला. "तुम्ही फक्त खिडकीत बसायचं."

"आणि वाक्यं?"

"तुम्हाला कधी होती?"

तेव्हापासून ठेकेदाराचा मालक झाला, एका हॉटेलाची चार झाली, आणि जे नवीन उघडेल त्याच्या खिडकीत तृप्तराव बसू लागले. नाटक कंपनीतल्या गुरूने दिलेला एकच नियम त्यांनी जन्मभर पाळला, प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही.

घरी मात्र त्यांनी वेगळंच सांगितलं होतं. "मी तिथं जेवणाचा सल्लागार आहे," ते बायकोला म्हणाले होते. बायकोने मान डोलावली. संध्याकाळी हा सल्लागार घरी येई, भाताचं भांडं पुढ्यात ओढी आणि तळ दिसेपर्यंत मान वर करत नसे.

"अहो, दिवसभर एवढं खाऊनसुद्धा?" ती विचारी.

"ते खाणं नव्हे गं, ती तपासणी. तपासणीने कुठं पोट भरतं?"

बायको एका मोठ्या धुलाईखान्यात कामाला होती. मधल्या भागातल्या झाडून सगळ्या हॉटेलांचे टेबलावरचे कपडे तिथे धुवायला येत. इतरांच्या जेवणाने खरकटे होऊन येणारे ते पांढरे कपडे तिने हयातभर घासले, कडक इस्त्री करून घड्या घातल्या आणि परत धाडले. त्या कपड्यावर आपण कधी हात टेकून बसलो नाही, एवढीच तिला खंत. मागणंही एवढंच. "एकदा मला तिथं जेवायला न्या."

"नेईन की," तृप्तराव म्हणत, आणि विषय बदलत. नेणार कुठे? ज्या माणसाच्या तोंडाकडे बघून सारं शहर जेवायची जागा ठरवत होतं, त्याला स्वतःला कुठलं जेवण चांगलं याचा पत्ता नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

शेवटी बायको कामावरून निवृत्त झाली. धुलाईखान्याने तिला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते घरी आणून खिळ्याला अडकवत ती म्हणाली, "आता मला वेळ बघायचं काही कारण उरलं नाही, म्हणून घड्याळ दिलं. तुम्ही काय देणार?" तिच्या आवाजात चेष्टा होती, पण हात खिळ्यावरच थांबला होता. आता नाही म्हटलं तर ही पुन्हा कधीच मागणार नाही, हे तृप्तरावांना त्या थांबलेल्या हाताकडे बघून कळलं.

त्यांनी मालकाला विचारलं. मालक उदार झाला. "आणा की! माझ्यातर्फे. आत कोपऱ्यात टेबल देतो. खिडकीत नको, तिथं तुमची कामाची जागा."

कोपऱ्यात बसायचं, गरम जेवायचं, घरी यायचं. बेत उत्तम होता. पण बायकोने तो आपल्या धाकट्या बहिणीला सांगितला आणि बहीण नवऱ्यासकट आली.

हा साडू म्हणजे नळांचा व्यापारी. न्हाणीघरातले नळ विकून त्याच्यात असा काही रुबाब आला होता, की कुणाशी हात मिळवतानाही तो तोटी पिरगाळल्यासारखा मिळवे. बोलायला लागला की तोटी कुणालाच बंद करता येत नसे. हॉटेलच्या दारात शिरताच तो म्हणाला, "आम्ही आठवड्यातून एकदा या भागातच जेवतो. तुम्हाला काय हवं ते मला विचारा, साडूभाऊ."

"अहो, भावोजी इथले सल्लागार आहेत," मेहुणी म्हणाली.

"सल्ला देणं वेगळं आणि चव कळणं वेगळं!" साडू म्हणाला, आणि वेटर कोपऱ्यातलं टेबल दाखवू लागताच उखडला. "कोपऱ्यात? आम्ही काय उसने पैसे मागायला आलोय? खिडकीत बसवा! जेवलो ते चार लोकांना दिसायला नको?"

तृप्तराव म्हणाले, "कोपरा बरा. वारा लागत नाही."

"खिडकीत छान आहे हो," बायको हळूच म्हणाली. खिडकीतल्या गोल टेबलावरचा गोल पांढरा कपडा तिने लांबूनच ओळखला होता. सगळ्या हॉटेलात गोल टेबल ते एकच. ती जाऊन बसलीसुद्धा, आणि तिने दोन्ही तळहात त्या कपड्यावर अलगद ठेवले. आता तिला उठवणं म्हणजे झोपलेल्या मुलाला उठवण्यासारखं होतं.

तृप्तरावही बसले. म्हणजे त्यांचे पाय आपसूकच रोजच्या खुर्चीकडे वळले. बाहेर दिवे लागले होते, रस्ता माणसांनी फुलला होता. त्यांनी खुर्ची किंचित काचेकडे वळवली, रुमाल झटकला, गळ्यात खोचला. वेटर नवा नव्हता, तोही सवयीचा गुलाम. त्याने बाकीच्यांची ऑर्डर घेतली आणि तृप्तरावांसमोर मुकाट्याने रोजचा मासा आणून ठेवला.

"अरे वा! सल्लागारांचं आधी?" साडू म्हणाला.

तृप्तरावांनी ते ऐकलंच नाही. काचेपलीकडे एक जोडपं थबकलं होतं. बाई हॉटेलची पाटी वाचत होती, पुरुष तृप्तरावांकडे बघत होता. पडदा वर गेल्यावर नटाला घरदार आठवतं थोडंच! काटा खाली गेला, वर आला, डोळे मिटले, गाल हलले. जोडपं आत आलं. पाठोपाठ एक मोठं कुटुंब थांबलं. तृप्तरावांनी त्यांच्यासाठी खास जुना, सरदाराच्या काळातला घास काढला. मनगटाची गिरकी, भुवई वर, आणि शेवटी तो उसासा. कुटुंब आत आलं. बघता बघता हॉटेल गच्च भरलं. बाहेर रांग लागली. तृप्तरावांना एवढा रंग कित्येक वर्षांत चढला नव्हता. घरची माणसं समोर बसलेली असताना माणूस चांगलाच खुलतो.

फक्त घरच्या माणसांपुढे अजून पाण्याच्या पेल्याशिवाय काही आलं नव्हतं. आत मुदपाकखान्यात धांदल उडाली होती आणि मालक वेटरला दबक्या आवाजात सांगत होता, "खिडकीवाल्यांचं थांबव. ते आपलेच आहेत. आधी गिऱ्हाइकं."

"अजून सूपसुद्धा नाही?" साडू टेबल बडवू लागला. "ताई, तुमचे हे बघा! आपण उपाशी आणि हे एकटेच ताव मारतायत!"

बायको हसली. "अहो, मला तरी एक घास द्या," असं म्हणून तिने आपला चमचा पुढे केला आणि माशाचा एक तुकडा मोडून उचलला.

तृप्तरावांनी झडप घालून तिचं मनगट धरलं. "खाऊ नकोस!"

आवाज नाटकी होता. शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा. आसपासच्या टेबलांवरचे काटे थांबले. बायकोने त्यांच्याकडे बघितलं, मग माशाकडे. तिने मोडलेल्या तेवढ्या तुकड्याची जागा सोडली तर मासा अख्खा होता. एवढा वेळ हा माणूस गाल हलवत होता आणि मासा शेपटीपासून डोक्यापर्यंत जसाच्या तसा. मोडलेल्या जागेतून वासही आला.

तिने चमचा खाली ठेवला. गोल कपड्यावरून हात फिरवला. कपडा कोरा करकरीत होता.

"एवढी वर्षं," ती हळू म्हणाली, "तुमच्या मालकाच्या हॉटेलांतून हा एकच गोल कपडा यायचा. त्याच्यावर कधी एक थेंब नाही, एक कण नाही. मी आमच्या बायकांना सांगायचे, तिथं कुणीतरी फार सभ्य माणूस जेवायला बसतो गं." तिने मान वर केली. "आणि घरी येऊन भाताचं भांडं खरवडायचा तो कोण, राक्षस?"

मेहुणी फिस्सकन हसली. तृप्तरावांना हसू आलं नाही. नाटकात त्यांना वाक्य नसायचं, ती सोय इथे नव्हती.

"मी इथं फक्त दिसतो," ते शेवटी म्हणाले. "चव कशी आहे ते मला ठाऊक नाही. कुठलीच."

"मग इकडं तोंड करा," बायको म्हणाली. "मी तीस वर्षं धुतलेल्या कपड्यावर जेवायला आलेय. रस्त्याबरोबर नाही, तुमच्याबरोबर."

तेवढ्यात काहीतरी बिनसलंय हे ओळखून मालक धावत आला. बाहेरची रांग चुळबुळू लागली होती. "अहो, काय करताय? तोंड काचेकडे! माणसं परत चाललीत!" आणि मग आवाज खाली आणून, "उद्यापासून कामावर यायचंय ना?"

तृप्तरावांनी काचेकडे बघितलं. बाहेर प्रेक्षक होते, चांगले, गर्दीने आलेले. आत बायको होती, पाण्याच्या पेल्यापुढे. ते उठले, जड खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, फिरवली, आणि रस्त्याकडे आपली भलीमोठी पाठ करून बसले.

"सूप आणा," ते म्हणाले. "दोन. कढत."

सूप आलं. मालकाला ते द्यावंच लागलं, कारण आता सगळं हॉटेल तिकडेच बघत होतं. तृप्तरावांनी पहिला चमचा तोंडात घातला. जीभ भाजली. चेहरा इतका वेडावाकडा झाला, की गुरूने बघितला असता तर कंपनीतून हाकललंच असतं.

"कसं आहे?" बायकोने विचारलं.

तृप्तरावांनी फुंकर मारून दुसरा चमचा तोंडात घातला. खऱ्या चवीचं मत द्यायची त्यांना सवय नव्हती. "भिकार," ते म्हणाले. "मीठच नाही."

"मलाही तसंच वाटलं," बायको म्हणाली, आणि तिने खुशाल मिठाची बाटली उचलून दोघांच्या सुपात झटकली. थोडं सूप गोल कपड्यावर सांडलं. तिने ते पुसलं नाही. दोघांनी वाट्या चाटूनपुसून संपवल्या.

मालक कपाळाला हात लावून उभा होता. रांग विस्कटत होती, कारण एका पाठीकडे बघून कुणाला भूक लागते? तेवढ्यात त्याची नजर साडूकडे गेली. साडू काचेकडे तोंड करून पोट पुढे काढून बसला होता आणि बाहेर एक ओळखीचा दुकानदार दिसला म्हणून त्याला ऐटीत हात करत होता. दोन माणसं थांबून बघत होती. मालकाच्या डोळ्यांत तीच जुनी बेरकी चमक आली. त्याने साडूच्या खांद्यावर हात ठेवला. "साहेब, आपल्यासारखी दर्दी माणसं हल्ली राहिली कुठे? उद्यापासून रोज या. ही खिडकी खास आपली."

"बघा!" साडू तृप्तरावांना म्हणाला. "माणसाची पारख लागते!"

दुसऱ्या दिवशी साडू छान कोट घालून खिडकीत बसला. ताट आलं. मासा झळकत होता. मासा खायचा नसतो हे त्याला कुणी मुद्दाम सांगितलं नव्हतं, कालचा तो ओरडा त्याने तृप्तरावांचा हावरटपणा समजून सोडून दिला होता, आणि आपल्याला काही सांगावं लागेल असं त्यालाही वाटलं नव्हतं. त्याने अख्खा मासा खाल्ला. काटेसुद्धा चोखले.

आठवडाभर तो अंथरुणावर होता. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगे, की उंची जेवण एकदम मानवत नाही, पोटाला सवय व्हावी लागते. तृप्तराव रोज त्याच्या उशाशी जाऊन बसत. धंदा गेला होता, पण विद्या कुणाला द्यायची राहिली तर नट बेचैन होतो. "हे बघा साडूभाऊ," ते रिकामा काटा हातात धरून सांगत, "घास वर येतो तेव्हा आधी डोळे मिटायचे. मग तोंड. आणि शेवटचा उसासा पोटातून आला पाहिजे, घशातून नाही."

"ते मला येतं हो," साडू विव्हळत म्हणे. "तुम्ही पाठ दाखवणारी माणसं. तुम्ही काय शिकवणार?"

आतून बायकोची हाक येई. बहिणीच्या मदतीला तीही तिथेच असायची. "अहो, पानं वाढलीत. रुमाल राहू द्या, हात धुवा. आणि खुर्ची माझ्यासमोर घ्या."

तृप्तराव काटा साडूच्या उशाशी ठेवत, उठत आणि जेवायला जात. त्या दिवसांत त्यांचं वजन थोडं उतरलं होतं, आणि सदऱ्यावर मात्र रोज एक नवा डाग असायचा.