सासू येते

वडशाच्या नाटक मंडळीसाठी मी आवाज वाजवायचं सॉफ्टवेअर लिहिलं. फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांतच हवीत, असा आमच्या नागपूरच्या साहेबांचा नियम. म्हणून मी सासूच्या ढोलकीला ‘एस सात’, वाघाला ‘एस आठ’ अशी नावं दिली अन् तालमीत चुकीचं बटण दाबलं जाऊन सासू मंचावर येताना वाघ गरजला.

बटणं दाबणारे ऑर्गनवाले भाऊ चिडले. “‘सासू येते’ असं सरळ लिहाले काय होते तुले?”

मी साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, मराठी नावानं दुसऱ्या कॉम्प्युटरवर प्रोजेक्ट बिघडेल. माझं डोकंच फिरलं. मी प्रोग्रॅममधून तो नियमच काढून टाकला, मराठी नावं दिली आणि सॉफ्टवेअर विंडोज, मॅक, लिनक्स, सगळ्यांवर चालवून दाखवलं. साहेबांनी मंजुरी दिली.

पुढच्या तालमीत भाऊंनी ‘सासू येते’ दाबलं. ढोलकी कडाडली, अन् सासू झालेला नट चहा अर्धा टाकून मंचावर धावला.