पाच दिवसांच्या सह्या

"फडकं कशाला शोधायलाव मॅडम? पदर हाय की."

संस्थेचे सचिव असं म्हणाले तेव्हा नववीचा अख्खा वर्ग माझ्याकडं बघत होता. मागच्या भिंतीला पालक उभे होते. प्रवेशाचे दिवस. कुणी देगलूरहून आलेलं, कुणी माहूरहून. लेकराला लातूरला टाकलं की ते डॉक्टर होतंच, अशा भरवशावर आलेली माणसं. त्यांना आमचा नवा डिजिटल बोर्ड दाखवायचा होता. आणि त्या बोर्डावर मी काळ्या पर्मनंट मार्करनं 'प्रकाशाचे परावर्तन' असं ठसठशीत लिहून मोकळी झाले होते.

त्याच्यावर बोटानं लिहितात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बोर्ड आदल्या दिवशी बसला. नारळ फोडला, हळदीकुंकू वाहिलं, पेढे वाटले. शिकवलं मात्र कुणालाच नाही. अठरा वर्षं मी आधी खडूनं आणि मग मार्करनं लिहीत आले. समोर बोर्ड दिसला, हातात मार्कर होता, लिहिलं.

प्रयोगशाळेतून स्पिरिटची बाटली आली. मी पदर भिजवला आणि पुसायला लागले. शाई निघेना, नुसती पसरत गेली. सचिवांनी मोबाईल काढून फोटो घेतला. मग पालकांकडं वळून म्हणाले, "सवलतीतनं आलेली माणसं. वस्तूची कदर नसती." पालक हसले. फार नाही, थोडेसे. मीही हसले. त्या हसण्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

मी मातंग. औशाकडच्या एका खेड्यातली. भूकंप झाला तेव्हा चौथीत होते. आमची माणसं वाचली, पण घराच्या ढिगाऱ्यात एक लोखंडी पेटी गेली आणि पेटीत आमचे सगळे कागद. बापानं त्या कागदांसाठी औशाच्या तहसीलला खेटे घालून चपला झिजवल्या. तिथला कारकून त्याला म्हणायचा, "कागद न्हाई तर तू हायस कोण?" बाप घरी येऊन हे वाक्य आम्हाला जसंच्या तसं सांगायचा. मी पत्र्याच्या शेडमधल्या शाळेत शिकले. पुढं नांदेडला राहून बी.एड. केलं. जो कागद मिळाला तो बापानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर खुंटीला टांगला. त्या पिशवीला हात लावायच्या आधी आई हात धुवायची.

आता ते कागद सचिवांच्या कपाटात आहेत. आमच्या शाळेची रीतच आहे. नोकरीवर घेताना मूळ प्रमाणपत्रं जमा करून घेतात. नोकरीची ऑर्डर दर जूनला नवी, कागद मात्र कायमचे त्यांच्याकडं. दुसरीकडं मुलाखतीला गेलं की लोक मूळ कागद मागतात. आपण झेरॉक्स पुढं करतो. ते समजायचं ते समजतात, चहा पाजतात आणि वाटेला लावतात. मी दोनदा असा चहा पिऊन परत आले आहे.

फोटोचा किस्सा झाल्यावर महिन्याभरानं, सगळ्या वर्गांत बोर्ड बसल्यावर, सचिवांनी मला बोलावलं. नांदेडच्या एका क्लासशी शाळेची जोडणी होणार होती. जाहिरातीत लिहायचं होतं, सर्व वर्ग डिजिटल, सर्व शिक्षक प्रशिक्षित. "तुमचं अक्षर चांगलंय. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा वर्षाचा आराखडा करून द्या," म्हणाले. मला राग यायला हवा होता. मला आनंद झाला. वाटलं, माझी लाज धुऊन निघेल.

मी मन लावून काम केलं. माझा तास नसला की कुणाच्या तरी वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसायची. जे दिसलं ते वहीत लिहायची. सहावीच्या बाई बोर्डावर चादर टाकून ठेवत होत्या. बिघडला तर आपल्या अंगावर येईल, ही भीती. दहावीत वर्गाचा मॉनिटर बोर्ड चालू करायचा, व्हिडिओ लावायचा, आणि सर कोपऱ्यात उभे राहून व्हिडिओ संपायची वाट बघायचे. गणिताचे शेख सर आमच्यात सगळ्यात जुने. भूमिती अशी शिकवायचे की पोरं डबा खायचं विसरायची. ते मला हळूच म्हणाले, "मॅडम, खोटं कशाला बोलू, त्या पडद्यापुढं उभं राहिलं की मीच नापास झाल्यासारखं वाटतंय."

म्हणून मी आराखड्यात भाषणं ठेवलीच नाहीत. आठवड्यातून एक तास दोन शिक्षकांना मोकळा द्यायचा. आपलाच वर्ग, आपलाच धडा. एकानं बोर्ड वापरायचा, दुसऱ्यानं मागं बसून बघायचं, मग अदलाबदल. आज सर पण शिकायलेत, हे पोरांना उघड सांगायचं. आणि शेवटी लिहिलं: शिक्षक चुकल्यास त्याचा फोटो काढू नये.

सचिवांनी वाचलं. शेवटच्या ओळीवर लाल पेन फिरवला. मग म्हणाले, "वर्षभर कुठं घोळ घालता? पाच दिवसांत उरकून टाकू." आराखड्यावर नाव आलं नांदेडच्या क्लासमधून आम्हाला शिकवायला येणाऱ्या सरांचं.

प्रशिक्षणाचा पहिला दिवस. हॉलमध्ये आम्ही सगळे शिक्षक. दारातच हजेरीचा कागद ठेवलेला. पाच दिवसांचे पाच रकाने, आणि सह्या आत्ताच करायच्या, पाचही. फोटो आज निघणार होता, बॅनर आजच लागला होता, उद्यापासून शिकवायला कुणी येणार नव्हतं. लोक सह्या करून आत जात होते. मी म्हटलं, नंतर करते.

क्लासचे सर तिशीतले, हसतमुख. म्हणाले, "सुरुवात जरा हलकीफुलकी करू." आणि पडद्यावर मी आले. पदर हातात, पाठ मोकळी, बोर्डावर पसरलेली शाई. खाली लिहिलं होतं, असे करू नका.

हॉल हसला. माझेच लोक. चादर टाकणाऱ्या बाई, कोपऱ्यात उभे राहणारे सर, सगळे. शेख सर तेवढे खाली बघत होते. या वेळी मला हसू आलं नाही.

मी उठले. म्हटलं, "ह्या फोटोत मी आहे. मला हा बोर्ड वापरायला कुणी शिकवलं नव्हतं. तुमच्यापैकी कुणाला शिकवलं असेल तर हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. क्लासच्या सरांनी पुढची स्लाईड लावली.

दुपारी सचिवांच्या खोलीत हजेरीचा कागद टेबलावर होता. सगळ्यांच्या सह्या, माझी एक ओळ कोरी.

"सही करा मॅडम."

"पाच दिवस शिकवा. पाच सह्या करते."

"तुमचे कागदं कुठं हायत, ध्यानात हाय न्हवं?"

"हाय. तुमच्या मागच्या कपाटात."

त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवला. मी तो तसाच परत सरकवला. 

दुसऱ्या दिवशी माझे वर्ग काढून घेतले. आता मी जिन्याखालच्या खोलीत बसते. पालकांना पुढच्या वर्षीच्या प्रवेशाचे फॉर्म देते, भरलेले फॉर्म गोळा करते. त्या फॉर्मवर ठळक छापलं आहे, सर्व शिक्षक प्रशिक्षित. सोडून जावं तर कागद त्यांच्याकडं. राहावं तर रोज हे खोटं माझ्या हातानं वाटायचं. शेख सर एकदा येऊन म्हणाले, "मॅडम, मी सही केली. ह्या वयात मला कोण ठेवून घेणार?"  खोटं सांगणार नाही, मला वाईट वाटलं आणि रागही आला.

काल मी दोन अर्ज लिहिले. एक सचिवांना: माझी मूळ प्रमाणपत्रं परत द्या. दुसरा शिक्षणाधिकाऱ्यांना: आमच्या शाळेत पाच दिवसांचं प्रशिक्षण झालेलं नाही, एका सकाळी झालेल्या सह्या आहेत. सोबत माझा मूळ आराखडा जोडला, फोटोच्या ओळीसकट. दोन्ही अर्जांच्या प्रतींवर पोच मिळाल्याचा शिक्का मारून घेतला.

आज एक पालक फॉर्म घ्यायला आले. त्यांनी विचारलं, "मॅडम, इथले शिक्षक सगळे शिकवून तयार केलेत म्हणे?"

मी सांगितलं, "नाही. एकालाही शिकवलेलं नाही."

उद्या जो विचारील त्यालाही हेच सांगणार आहे.